वाचकांचे प्रश्न : थोडक्या खर्चात जंगलदर्शन

गेल्या दोन महिन्यांत जंगल सहलीविषयी बरीच पत्रे आली. बहुतेकांचा मुद्दा एकच आहे, की विदर्भात राहूनही विदर्भाचे जंगल पाहणे परवडत नाही, असे त्यांना वाटते. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. प्रवेशशुल्क, जिप्सीचे भाडे आणि खोल्यांचे दर वेळोवेळी बदलतात, म्हणून त्यांचे आकडे येथे दिलेले नाहीत. ते त्या त्या व्याघ्र प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावर आरक्षण करताना दिसतात.

प्रश्न : आम्ही आर्णी तालुक्यातील कोरडवाहू शेतकरी आहोत. घरात मी, पत्नी, ७७ वर्षांची आई, ११ वर्षांचा मुलगा आणि ८ वर्षांची मुलगी असे पाच जण आहोत. मुलांनी शाळेच्या पुस्तकात राष्ट्रीय उद्यानाचा धडा वाचल्यापासून हट्ट धरला आहे. एकाच सहलीत डोंगर, नदी, पक्षी, प्राणी आणि जमल्यास एखादा किल्ला पाहता येईल, असे ठिकाण हवे. स्वतःची गाडी नाही. दोन मुक्कामांपेक्षा जास्त दिवस घर सोडता येत नाही. कुठे आणि केव्हा जावे?

उत्तर : आपल्या अपेक्षा वाचल्यावर मेळघाटाखेरीज दुसरे नाव मनात आले नाही. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये देशात प्रथम जाहीर झालेल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक असून त्याच्या पोटात १९८७ साली घोषित झालेले गुगामल राष्ट्रीय उद्यान आहे. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत पसरलेल्या या सागवानी जंगलात खोल दऱ्या आहेत आणि सिपना, खंडू, खापरा, गडगा, डोलार या नद्या आहेत. रानगवा, अस्वल, सांबर, भेकर आणि रानकुत्रे येथे आहेत, कोरकू आदिवासींची गावे आहेत आणि दोन्ही टोकांना गाविलगड व नरनाळा हे किल्ले आहेत. वाघही आहे, मात्र डोंगराळ आणि दाट रानामुळे तो ताडोब्यासारखा सहज दिसत नाही. ही गोष्ट मुलांना निघण्यापूर्वीच समजावून सांगावी. वाघासाठी एकामागून एक सफारी करण्याचा हट्ट सोडला, तर जंगल सहलीच्या खर्चाचा मोठा भाग तेथेच वाचतो, आणि मेळघाटात त्या बदल्यात पाहण्यासारखे इतके काही आहे की कमी पडल्यासारखे वाटत नाही.

स्वतःची गाडी नसणे ही आपल्या बाबतीत अडचण नसून सोय आहे. परतवाड्याहून धारणीला जाणारी साधी एसटी सेमाडोह, कोलकास आणि हरिसालवरून, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाच्या आतूनच जाते. तिकिटाचा हिशेब आपल्या कुटुंबापुरता मांडून पाहू. ७५ वर्षे पूर्ण केलेल्या प्रवाशांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, म्हणून आईंचे तिकीट लागणार नाही. महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आहे, तेव्हा पत्नीचे अर्धे तिकीट. मुले ५ ते १२ वर्षांच्या आतली असल्याने त्या दोघांची अर्धी-अर्धी. पूर्ण तिकीट फक्त आपले. पाच माणसांचा प्रवास अडीच तिकिटांत होतो, आणि हे गाडी भाड्याने करून कधीच जमणार नाही. आईंचे मूळ आधार कार्ड मात्र सोबत असलेच पाहिजे.

आर्णीहून यवतमाळ, तेथून अमरावती आणि पुढे सुमारे ५० किलोमीटरवर परतवाडा, असा मार्ग धरावा. पूर्वी मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी शकुंतला ही रेल्वेगाडी आता बंद असल्यामुळे रेल्वेचा विचार करू नये. पहाटेच्या पहिल्या बसने निघालात तर दुपारपर्यंत परतवाडा गाठता येईल. परतवाड्याला पोहोचण्यास दुपारचे तीन वाजून गेले, तर त्या दिवशी पुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घाट वळणावळणाचा आहे, जंगलातील रस्त्यावर रात्रीच्या वाहतुकीला बंधने आहेत आणि सोबत वृद्ध माणूस आहे. अशा वेळी परतवाड्यात साध्या लॉजवर रात्र काढून सकाळची धारणी गाडी पकडणे अधिक शहाणपणाचे. तसे झाले तर पुढे सांगितलेला चिखलदऱ्याचा मुक्काम सोडावा, म्हणजे मुक्काम दोनच होतील. बसच्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून परतवाडा आगारात उतरल्याबरोबर परतीच्या वेळाही विचारून वहीत टिपून ठेवाव्यात. पुढे डोंगरात मोबाईलला सर्वत्र रेंज मिळत नाही.

मुक्कामासाठी सेमाडोहचे पर्यटन संकुल आपल्याला सोयीचे पडेल. ते वन विभागाचे आहे, खासगी रिसॉर्टच्या तुलनेत स्वस्त आहे आणि एसटीच्या रस्त्यावरच आहे. कोलकासचे विश्रामगृह सिपना नदीच्या वळणावर अधिक देखण्या जागी आहे, पण तेथील खोल्या मोजक्या असल्याने लवकर भरतात. दोन्हींचे आरक्षण मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या संकेतस्थळावर होते. गावात इंटरनेट नीट चालत नसेल तर तालुक्याच्या सेतू केंद्रातून किंवा एखाद्या शिकत्या मुलाकडून ते करून घ्यावे. आरक्षण ज्या ओळखपत्रावर केले तेच ओळखपत्र सोबत न्यावे. जेवण संकुलात आधी सांगितल्यास मिळते. तरीही पहिल्या दिवसापुरत्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मुलांसाठी फुटाणे-चिवडा घरूनच बांधून घ्यावा, कारण प्रवासात पैसा जातो तो बहुधा थांब्याथांब्यावरच्या खाण्यात.

सफारी एकच करावी, पण ती सकाळची आणि जाणत्या मार्गदर्शकासोबत करावी. जिप्सीचे भाडे व मार्गदर्शकाचे मानधन माणशी नसून गाडीमागे असते, त्यामुळे आपले पाच जणांचे कुटुंब एका गाडीत बसले की खर्च आपोआप विभागला जातो. बहुतेक मार्गदर्शक याच भागातील कोरकू किंवा गवळी तरुण असतात. त्यांना आपण होऊन सांगावे, की आम्हाला फक्त वाघ पाहायचा नाही, जंगल दाखवा. मग गाडी वेगळ्या तऱ्हेने चालते. एखाद्या अर्जुनाच्या पांढुरक्या खोडावर, मधाच्या पोळ्यापर्यंत चढून गेलेल्या अस्वलाच्या नखांचे ओरखडे दिसतात. पाच-पाच नखांच्या रेघा खोडावर खालून वर गेलेल्या असतात. जुन्या रेघा काळ्या पडून सालीत मुरलेल्या आणि नव्या ओल्या, तांबूस. शेजारीच त्याच अस्वलाने उकरलेले वारूळ असते. मुलगा आणि मुलगी दोघेही हे दृश्य लांबून ओझरत्या दिसलेल्या वाघाइतकेच लक्षात ठेवतील, अशी माझी खात्री आहे.

आणखी एक गोष्ट मार्गदर्शकाला आवर्जून विचारावी, ती म्हणजे रानपिंगळा. हे छोटे घुबड जगातून नाहीसे झाले असे अभ्यासक धरून चालले होते. तब्बल ११३ वर्षांनी, १९९७ साली, ते शहाद्याजवळच्या सातपुड्यात पुन्हा सापडले आणि पुढे मेळघाटातही त्याची नोंद झाली. इतर घुबडांप्रमाणे ते केवळ रात्रीचे पाखरू नाही. सकाळच्या उन्हात निष्पर्ण सागाच्या शेंड्यावर ते उघडपणे बसलेले असते, डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात आणि छातीचा तपकिरी पट्टा ठळक दिसतो. गाडी थांबवून, आवाज न करता पाहिले, तर आठ वर्षांच्या मुलीलाही ते ओळखता येईल.

वाटेत काही ठिकाणी मोकळी कुरणे लागतील. बोरी, कोहा आणि कुंड ही गावे पुनर्वसनात जंगलाबाहेर गेली, आणि जेथे शेते होती तेथे आता गवत वाढून रानगवे व सांबर चरायला उतरतात. शेतकरी म्हणून आपल्याला त्या जागी वेगळेच काही जाणवेल. ती गावे कोणाची होती, ती माणसे कुठे गेली, हे मुलांनाही सांगावे. जंगलाच्या माहितीत ही माहिती सहसा वगळली जाते आणि ती वगळू नये, असे मला मनापासून वाटते.

दुसरा मुक्काम चिखलदऱ्यास करावा. सेमाडोहहून थेट बस मिळाली तर उत्तम, नाही तर परतवाड्यास येऊन पुन्हा वर चढावे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंचीवर असून महाराष्ट्रात कॉफीची लागवड येथेच रुजली आहे. गाविलगड बहमनी सुलतान अहमदशाह याने १४२५ मध्ये बांधला आणि डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी तो मराठ्यांकडून घेतला. किल्ल्यात चालणे बरेच आहे. आईंना शार्दूल दरवाज्यापर्यंत नेऊन सावलीत बसवावे व आपण मुलांसह पुढे जावे. गावात गवळ्यांकडचा ताजा खवा आणि रबडी मिळते. एवढा खर्च मात्र टाळू नये.

आता केव्हा जावे, हा प्रश्न. दिवाळीच्या सुट्टीत आपल्याकडे कापसाची वेचणी असते आणि पर्यटकांची गर्दीही तेव्हाच असते. तूर निघाल्यावर, फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात, शनिवार-रविवार टाळून जावे. पानगळ सुरू झाल्याने प्राणी लांबून दिसतात, पळस फुलू लागलेला असतो आणि खोल्याही सहज मिळतात. मुलांची तेवढ्या दिवसांची रजा शाळेत सांगून घ्यावी. होळीचा आठवडा टाळावा. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण असून मजुरीसाठी बाहेर गेलेली माणसे त्या वेळी घरी परततात, बसगाड्यांत उभे राहायलाही जागा नसते, आणि त्या जागेवर त्यांचा हक्क आपल्यापेक्षा मोठा आहे. रात्री डोंगरात थंडी असते, म्हणून आईंसाठी शाल व कानटोपी घ्यावी. डासांपासून बचावाचे मलमही विसरू नये.

प्रश्न : आम्ही राळेगाव तालुक्यातील चार मित्र आहोत. आम्हाला ताडोबाच पाहायचे आहे. पण तिथले दर ऐकून धीर होत नाही. काही मार्ग आहे का?

उत्तर : आहे. ताडोबा हे १९५५ साली घोषित झालेले महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान असल्याने आणि तेथे वाघ दिसण्याची शक्यता चांगली असल्याने मागणी मोठी आहे. त्यामुळे शनिवार-रविवारी दरही चढे असतात. तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे आठवड्याच्या मधले दिवस निवडावेत, मंगळवार सोडून. मंगळवारी गाभा क्षेत्र, म्हणजे जंगलाचा आतला भाग, बंद असते. दुसरी, आणखी दोन मित्र जोडून सहा जण करावेत, कारण जिप्सीत सहा पर्यटक बसतात आणि चार जणांनी भरलेले भाडे सहा जणांत वाटले की प्रत्येकाचा भार एक तृतीयांशाने हलका होतो. तिसरी, गाभा क्षेत्राचाच आग्रह धरू नये. जुनोना, आगरझरी, देवाडा या बफर, म्हणजे गाभ्याभोवतीच्या, क्षेत्रातील प्रवेशद्वारांतून सफारी स्वस्त पडते, आणि वाघाला गाभा व बफर यांच्यातील सीमारेषा ठाऊक नसते. बफरच्या पर्यटनातून मिळणारे उत्पन्न त्या काठावरच्या गावांतील तरुणांच्या हाती जाते, आणि गुरे वाघाने मारल्याचे नुकसान सोसणारीही हीच गावे आहेत. त्यामुळे आपला पैसा तेथे गेला तर मला अधिक बरे वाटेल.

मुक्काम प्रवेशद्वाराजवळच्या रिसॉर्टमध्ये न करता चंद्रपूर शहरात करावा. मोहर्लीचे प्रवेशद्वार तेथून सुमारे ३० किलोमीटरवर आहे आणि जुनोना तर शहराच्या आणखी जवळ आहे. पहाटेच्या सफारीसाठी अंधारात पोहोचावे लागते, त्या वेळी एसटी मिळणार नाही, म्हणून ऑटो किंवा काळी-पिवळी आदल्या संध्याकाळीच ठरवून ठेवावी. दुपारच्या सफारीला गेलात तर हाही खर्च कमी होतो. उरलेला वेळ गोंड राजांनी शहराभोवती बांधलेला परकोट पाहण्यात घालवावा. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे त्याचे चार दरवाजे आजही वापरात आहेत आणि ते पाहण्यास काहीही पडत नाही.

एप्रिल-मे महिन्यांत पाणवठे आटल्यामुळे प्राणी हमखास दिसतात, पण चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो. सकाळची फेरी, डोक्याला ओला दुपट्टा आणि भरपूर पाणी एवढी तयारी असेल तरच त्या दिवसांत जावे. १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात गाभा क्षेत्र बंद असते. गाभा क्षेत्रात मोबाईल नेता येत नाही, हे आधीच लक्षात ठेवावे.

प्रश्न : मी ब्रह्मपुरी तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. सहावी-सातवीच्या चाळीस मुलांची सहल काढायची आहे. पालक मजुरी करणारे आहेत. प्रत्येक मुलाला जिप्सीत बसवणे शक्यच नाही. तरी त्यांनी राष्ट्रीय उद्यान पाहावे, असे वाटते.

उत्तर : बाई, आपण नवेगावबांधचा विचार करावा. नवेगाव हे १९७५ साली घोषित झालेले राष्ट्रीय उद्यान असून २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. त्याचे वैशिष्ट्य असे, की त्याचे सर्वांत मोठे वैभव जिप्सीशिवाय पाहता येते. ते म्हणजे सात डोंगरांनी वेढलेला प्रचंड तलाव. कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीस हा बांध घातला, असे परंपरेने सांगितले जाते. तलाव बांधणे आणि पाण्याचे वाटप करणे हे कोहळी समाजाचे पिढीजात कौशल्य आहे आणि आपल्या विद्यार्थ्यांपैकी काही जण त्याच समाजाचे असण्याची शक्यता आहे. त्यांना तलावाच्या त्या बांधावर उभे करून हे सांगावे. इंजिनिअर, सिमेंट आणि यंत्रे नसताना उतार ओळखून, नेमक्या खिंडींत माती टाकून एवढे पाणी अडवले गेले, आणि त्या पाण्यावर धान पिकला. पुस्तकातील जलव्यवस्थापनाचा धडा येथे डोळ्यांसमोर उभा असतो.

डिसेंबर किंवा जानेवारीत जावे. तेव्हा चक्रवाक, थापट्या यांसारखे पाहुणे पक्षी तलावावर उतरलेले असतात. शाळेत दुर्बीण नसेल तर दोन-तीन साध्या दुर्बिणी शिक्षकांनी मिळून आणाव्यात व मुलांचे गट पाडून द्याव्यात. प्रत्येक गटाला एकच काम द्यावे, ते असे, की एका पक्ष्याकडे दहा मिनिटे पाहायचे आणि त्याने काय काय केले ते लिहायचे. थापट्या आपली रुंद चोच पाण्याच्या पृष्ठभागावर सपाट धरून, मान इकडून तिकडे फिरवत, पाणी गाळत पोहतो. शंभर पाखरांची नावे पाठ करण्यापेक्षा हे एक पाहणे मुलांच्या अधिक कामाचे आहे. गोंदिया जिल्ह्याच्या धानशेतात सारस क्रौंचही आहेत. वाटेत जोडी दिसली तर बस थांबवावी, पण मुलांना बांधीत उतरू देऊ नये.

खर्चाचे म्हणाल तर शैक्षणिक सहलीसाठी एसटी निम्म्या भाड्यात मिळते. त्यासाठी मुख्याध्यापकांच्या पत्रासह आगारात लवकर अर्ज करावा, कारण डिसेंबर-जानेवारीत सगळ्याच शाळा बस मागतात. दुसरा मार्ग रेल्वेचा आहे. गोंदिया-बल्लारशा मार्ग ब्रह्मपुरीवरूनच जातो आणि त्यावरील देवळगाव हे नवेगावबांधला जवळचे स्थानक आहे. तिकीट नाममात्र असते, पण स्थानकापासून पुढे चाळीस मुलांना नेण्याची व्यवस्था आधी करावी लागते, म्हणून मी बसच सुचवेन. वन परिक्षेत्र अधिकाऱ्यांना पंधरा दिवस आधी पत्र देऊन, मुलांशी अर्धा तास बोलण्यासाठी एखादा वनरक्षक द्यावा, अशी विनंती करावी. वणवा कसा विझवतात, पावलांचे ठसे कसे ओळखतात, हे त्यांच्या तोंडून ऐकताना मुले एरवीपेक्षा अधिक लक्ष देतात. वेळ उरला तर गाढवी नदीवरील इटियाडोह धरण आणि त्याच्या परिसरातील तिबेटी वसाहतही दाखवता येईल. दोन्ही साधणार नसेल तर तलावच पुरे. धावपळ करून चार ठिकाणे दाखवण्यात अर्थ नाही. मुलांचे डबे घरचेच असू द्यावेत आणि प्लास्टिकच्या पिशव्या परत आणण्यासाठी एक पोते बसमध्ये ठेवावे.

प्रश्न : पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून प्राणी पाहता येतात, असे ऐकले. ते खरे आहे का? त्याला फार पैसे लागतात का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, ता. अकोट)

उत्तर : खरे आहे. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वन विभाग मेळघाटासह विदर्भातील अनेक जंगलांत ‘निसर्गानुभव’ हा उपक्रम घेतो. पाणवठ्याशेजारच्या मचाणावर वनकर्मचाऱ्यासोबत रात्रभर बसून पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करायची असते. एका मचाणाच्या आरक्षणात सर्व व्यवस्था येते, म्हणून रिसॉर्टमधील मुक्कामाशी तुलना केली तर हा अनुभव पुष्कळ स्वस्त आहे. अडचण पैशांची नसून जागेची आहे. आरक्षण खुले झाल्यावर मचाणे फार लवकर संपतात, तेव्हा एप्रिलच्या मध्यापासून प्रकल्पाच्या संकेतस्थळावर आणि स्थानिक वृत्तपत्रांवर रोज लक्ष ठेवावे. आपण अकोटचे आहात, म्हणजे शहानूर आणि नरनाळ्याकडची मचाणे आपल्याला सर्वांत जवळची आहेत. पर्याय विचारला तर तीच निवडावीत. मातकट किंवा हिरव्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, अत्तर लावू नये, आणि कुरकुरणाऱ्या पाकिटातले खाणे नेऊ नये. रात्री एकदा मचाणावर चढल्यानंतर सकाळी कर्मचाऱ्याने सांगेपर्यंत खाली उतरता येत नाही. हे ज्याला जमणार नाही त्या मित्राला सोबत घेऊ नये.